आमच्याकडे तो नीट वागेल

अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसिव्हर नावाचा एक खेळाडू असतो. मैदानाच्या कडेला उभे राहायचे, डाव सुरू होताच जीव खाऊन पळायचे आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू, अंगावर दोन धिप्पाड माणसे कोसळत असताना, झेलायचा, एवढे त्याचे काम. एका सामन्यात संघाच्या वाट्याला साठेक डाव येतात. त्यांतल्या फार तर आठ-दहा डावांत चेंडू याच्याकडे येतो. उरलेल्या पन्नास डावांत तो तितक्याच वेगाने पळतो, हात वर करतो, आणि आपण धडधडीत मोकळे दिसत असताना चेंडू दुसऱ्याला का दिला, याचा विचार करत चालत परत येतो. रिसिव्हर मंडळींच्या स्वभावाचे बहुतेक प्रश्न या परतीच्या वाटेवर तयार होतात, असे मानायला जागा आहे. बचाव फळीतला माणूस रागावला तर समोरच्याला नियमात राहून आडवा करू शकतो. रिसिव्हरला ती सोय नाही. तो पत्रकारांशी बोलतो.

या जातीत अधूनमधून एखादा असामान्य गुणी आणि तितकाच वांड निघतो. जुन्या संघाला तो नकोसा होतो आणि नव्या संघाच्या चाहत्यांना हवाहवासा. हे चाहते भोळे असतात असा एक गैरसमज आहे. खेळाडूने कोणत्या वर्षी कोणत्या प्रशिक्षकाशी भांडण उकरून काढले, किती दंड भरला, कोणत्या सरावाला दांडी मारली, हे चाहता तारखेनिशी सांगतो. वकील हेवा करतील अशी त्याची तयारी असते. सगळे सांगून झाल्यावर तो श्वास घेतो आणि म्हणतो, “पण तिथलं वातावरणच तसं होतं.”

पहिल्या धोंड्याच्या महिन्यात आलेल्या जावयासारखी या खेळाडूची सरबराई होते. त्याने ताट सरकवले, तर चूक भाजीची. फरक इतकाच, की या जावयाची ही दुसरी किंवा तिसरी सासुरवाडी असते, आणि आधीच्या सासुरवाड्यांनी काय कळवले आहे ते वाचून झालेले असते.

या आशेचा सर्वांत भरघोस नमुना २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात पाहायला मिळाला. ओकलंड रेडर्स हा संघ १९६० पासूनचा. त्याचा अनेक वर्षांचा सर्वेसर्वा अल डेव्हिस याला इतरांनी टाकून दिलेली माणसे गोळा करण्याचा नाद होता, आणि तो नाद कधीकधी फळतही असे. जिम प्लंकेट हा क्वार्टरबॅक दोन संघांना नकोसा झाल्यावर ओकलंडला आला आणि त्याने रेडर्सना दोनदा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला. चाहत्यांच्या प्रकृतीला ही घटना फार बाधली. पुढची चाळीस वर्षे कोणीही टाकून दिलेला माणूस दिसला, की त्यांना त्याच्यात प्लंकेट दिसू लागला.

रेडर्सचे चाहते दिसायला भीतिदायक असतात. तोंडाला चंदेरी आणि काळा रंग, खांद्यावर हातभर लांब खिळे, गळ्यात कवट्या. स्टेडियमच्या ज्या टोकाला ते बसत, त्याला ‘ब्लॅक होल’ म्हणत. सोमवार ते शनिवार हीच माणसे दातांच्या दवाखान्यात, विमा कार्यालयात किंवा शाळेत कामाला असतात आणि अत्यंत अदबीने बोलतात. रविवारी त्यांच्या तोंडून जे निघते, ते छापण्याजोगे नसते. पण रंगाखालचे मन मऊ असते, आणि नव्या रिसिव्हरची बातमी आली, की ते विरघळते.

खरे तर त्यांना एकदा चटका बसलेला होता. २००५ साली रेडर्सनी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून रँडी मॉस आणला. उंच, वाऱ्यासारखा, आणि मिनिआपोलिसच्या रस्त्यावर एका वाहतूक कर्मचाऱ्याला गाडीने पुढे ढकलल्याचे प्रकरण नावावर असलेला. त्याच्या बदल्यात एक खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली पाळी मोजली. (ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची वार्षिक पद्धत. या पाळ्यांचाही व्यापार चालतो. पहिल्या फेरीतली पाळी सोन्याच्या भावाने जाते, सहाव्या-सातव्या फेरीतली सुट्या पैशांऐवजी दिली तरी चालते.) ओकलंडमधल्या दुसऱ्या हंगामात मॉसने बेचाळीस झेल घेतले आणि संघ सोळापैकी चौदा सामने हरला. रेडर्सनी कंटाळून तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सला चौथ्या फेरीतल्या एका पाळीवर देऊन टाकला. तिथे पहिल्याच हंगामात, २००७ मध्ये, त्याने तेवीस टचडाउन केले. (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणे.) एका हंगामात एवढे टचडाउन झेलण्याचा तो विक्रम आहे.

असल्या खेळाडूंचा नाद सोडावा, असा धडा एखाद्या तिऱ्हाइताने यातून घेतला असता. चाहत्याने वेगळा घेतला: मॉस चांगलाच होता, वाईट आपण होतो, आणि आता आपण सुधारलो आहोत. हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. २०१० साली मिनेसोटाने मॉसला परत आणले तेव्हा तिथल्या चाहत्यांनीही “घरचा माणूस घरी आला” म्हणून डोळे पुसले. संघासाठी बाहेरून मागवलेल्या जेवणाला त्याने एके दिवशी सगळ्यांदेखत नावे ठेवली आणि चार सामन्यांनंतर त्याची रवानगी झाली. तिथे चूक भाजीची धरली गेली नाही.

२०१८ सालच्या हंगामात रेडर्स सोळापैकी चार सामने जिंकले. जॉन ग्रुडन हा प्रशिक्षक दहा वर्षांच्या करारावर परत आला होता. आल्या आल्या त्याने बचाव फळीतला सर्वांत चांगला माणूस, खलील मॅक, शिकागोला विकला आणि सर्वांत चांगला रिसिव्हर, अमारी कूपर, डॅलसला. शिवाय सगळा संघच लास व्हेगसला हलणार हे ठरलेले होते. म्हणजे खेळाडू गेलेले, सामने हरलेले आणि संघ निरोपाच्या तयारीत. अशा मन:स्थितीत मार्च २०१९ मध्ये बातमी आली: पिट्सबर्ग स्टीलर्सचा अँटोनिओ ब्राउन ओकलंडला येतो आहे.

ब्राउनच्या गुणांबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. २०१० च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९५ व्या क्रमांकावर, निवडला गेलेला हा बुटका मुलगा स्वत:च्या कष्टांवर वर चढला. २०१३ ते २०१८ अशी सलग सहा वर्षे त्याने दर हंगामात शंभराहून अधिक झेल घेतले. २०१८ मध्ये पंधरा टचडाउन झेलून तो लीगमध्ये पहिला आला. दुसरी बाजूही उजेडात होती. त्या काळात ओकलंडच्या कुठल्याही गुत्त्यात चालणारा संवाद साधारण असा असे.

“सामना जिंकल्यावर ड्रेसिंग रूममधून फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं होतं ना त्याने? आत कोच पुढच्या प्रतिस्पर्ध्यांना शिव्या हासडत होता, ते सगळं जगाने ऐकलं.”

“उत्साही आहे.”

“शंभर मैलांच्या वर गाडी हाणली म्हणून पोलिसांनी पकडलं.”

“वेगच तर हवाय आपल्याला.”

“शेवटच्या सामन्याआधी सरावालाच आला नाही. बाहेर बसवला त्याला.”

“म्हणजे ताजातवाना आहे.”

“आता मिशी सोनेरी रंगवलीये.”

यावर जरा शांतता पसरे. मग कोणीतरी म्हणे, “मिशीने कुठे झेल घ्यायचाय?”

भाव ऐकून तर उरलेसुरले संशयही मावळले. तिसऱ्या आणि पाचव्या फेरीतली एकेक पाळी, बस्स. कूपर विकून पहिल्या फेरीतली पाळी मिळाली होती. म्हणजे महाग विकले, स्वस्त घेतले आणि माल वरच्या दर्जाचा. आपण अजिंक्य ठरतो आहोत हे सिद्ध करायला चाहत्याला कागद, पेन्सिल आणि मार्च महिना पुरतो. सामने सप्टेंबरात असतात. हाच खेळाडू एवढ्या स्वस्तात का मिळतो आहे, हा प्रश्न त्या कागदावर मावला नाही. या सौद्याच्या दोनच दिवस आधी ब्राउन बफलोला जाणार अशी आवई उठून सकाळपर्यंत विरली होती. बफलोच्या चाहत्यांची आशा एका रात्रीत आटोपली. त्यांचे नशीब थोर, हे त्यांना सप्टेंबरात कळले.

रेडर्सनी त्याला तीन वर्षांसाठी पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा नवा करार दिला, त्यातले तीन कोटींहून अधिक हमीचे. ८४ क्रमांकाच्या जर्सी दुकानांत लटकल्या. फँटसी लीग खेळणाऱ्यांनी त्याला आपापल्या कागदी संघांत लवकर उचलून घेतले. फँटसीवाला चाहता हा दुहेरी आशावादी असतो. संघ हरला तरी चालेल, पण याने शंभर यार्ड काढावेत, एवढेच त्याचे मागणे.

जुलैत नापा इथे सराव शिबिर सुरू झाले. नापा द्राक्षांच्या मळ्यांसाठी आणि पर्यटकांच्या गरम हवेच्या फुग्यांसाठी प्रसिद्ध आहे. बाकीचे खेळाडू मोटारीने आले. ब्राउन फुग्यातून आला. चाहत्यांना ते आवडले. त्या वर्षी एचबीओची ‘हार्ड नॉक्स’ ही मालिका रेडर्सच्याच शिबिरात चित्रित होत होती, तेव्हा सगळे कसे जुळून आले होते. कॅमेरे तयार होते, फुगा उतरला होता, आणि नायकाला आता फक्त पळायचे होते.

त्याला पळता येईना. अंगातला थकवा घालवण्यासाठी अतिथंड हवेच्या कोठडीत उभे राहण्याचा एक उपचार आहे. त्यात पायांत योग्य पादत्राणे घालावी लागतात. ती नव्हती. तळव्यांची कातडी निघाली, आणि त्या तळव्यांचा फोटो खुद्द खेळाडूने जगाला दाखवला. ओकलंडपासून अर्ध्या तासावर फ्रीमाँट आहे. तिथे मराठी घरे पुष्कळ, आणि मुलांच्या नादाने काही बापही रेडर्सचे झालेले. अशा घरात त्या आठवड्यातले जेवण साधारण असे पार पडे.

“अरे, हे काय बघतोयस जेवताना? कोणाचे पाय हे?”

“आमचा नवा रिसिव्हर.”

“भाजले?”

“भाजले नाहीत, गारठले.”

“ऑगस्टमध्ये?”

“मशिनमध्ये.”

“आणि हा पळणार कधी?”

“पाय सोडले तर फिट आहे तो.”

पाय बरे होत आले तोवर डोक्याचा प्रश्न निघाला. ब्राउन कारकीर्दभर एकाच जुन्या बनावटीचे हेल्मेट वापरत आला होता. लीगने सुरक्षेच्या कारणावरून जुनी हेल्मेट बंद केली. टॉम ब्रेडी आणि अ‍ॅरन रॉजर्स यांनाही आपापली लाडकी हेल्मेट सोडावी लागली. कुरकुर करत त्यांनी ती सोडली. ब्राउनने रीतसर तक्रार दाखल केली. जुने हेल्मेट नव्या संघाच्या रंगात रंगवून सरावाला घालून येण्याचाही त्याने प्रयत्न केला, अशी बातमी आली. त्याआधीची बातमी होती, की मनासारखे हेल्मेट नसेल तर तो खेळच सोडेल. लवादाने तक्रार फेटाळली. मग असे निघाले, की दहा वर्षांहून जुने हेल्मेट चालत नाही, पण त्याच बनावटीचे थोडे अलीकडचे मिळाले तर बघता येईल. तेव्हा वर्षाला कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या या माणसाने जाहीर आवाहन केले: २०१० किंवा त्यानंतरचे अमुक मापाचे हेल्मेट कोणाकडे असल्यास द्यावे, बदल्यात सही केलेले सरावाचे हेल्मेट मिळेल.

रेडर्सच्या चाहत्यांच्या इतिहासात हा फार सुंदर काळ म्हणावा लागेल. आजवर त्यांनी संघासाठी घसा बसवला होता. आता प्रथमच त्यांच्या माळ्यावरच्या सामानाला किंमत आली. आपापल्या जुन्या शाळेच्या गोदामात डोकावण्याची हुरूपदार कल्पना अनेकांना सुचली असणार. तसे एक हेल्मेट मिळालेही, आणि लगेच झालेल्या चाचणीत नापास झाले. दुसरी तक्रार दाखल झाली. तीही फेटाळली गेली. शेवटी त्याने नव्या कंपनीचे हेल्मेट डोक्यावर चढवले, तोवर सराव सामने संपत आले होते आणि त्यांपैकी एकातही तो उतरला नव्हता. मधल्या काळात जनरल मॅनेजर माइक मेयॉक पत्रकारांना म्हणाला होता, की आता याने एकतर पूर्ण आत यावे नाहीतर पूर्ण बाहेर जावे. चाहत्यांनी पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला.

चुकवलेल्या सरावांबद्दल संघाने दंड केला, सगळा मिळून चोपन्न हजार डॉलरच्या आसपास. दंडाचे पत्र सामान्य माणूस ड्रॉवरमध्ये लपवतो. ब्राउनने ते इन्स्टाग्रामवर टाकले. त्याच दिवशी, चार सप्टेंबरला, त्याची मेयॉकशी बाचाबाची झाली, आणि बातम्यांनुसार त्याने चेंडू लाथेने लांब भिरकावून, आता याचाही दंड लावा, असे सुनावले. त्याला आवरायला मध्ये पडला व्हॉन्टेझ बर्फिक्ट. हाच बर्फिक्ट तीन वर्षांपूर्वी सिनसिनाटीकडून खेळताना ब्राउनच्या डोक्यावर असा आदळला होता, की ब्राउनला पुढचा सामना खेळता आला नाही. त्याला आता शांततादूत होताना पाहून तरी चाहत्यांनी काय ते ओळखायला हवे होते. त्यांनी वेगळेच ओळखले.

“बघितलंस? आपल्याकडे आल्यावर बर्फिक्टसुद्धा सुधारला.”

शुक्रवारी ब्राउनने सगळ्या संघापुढे उभे राहून माफी मागितली. सोमवारी तो खेळणार, असे ग्रुडनने जाहीर केले. चाहत्यांनी इस्त्री करून ठेवलेल्या जर्सीवर पुन्हा इस्त्री फिरवली. त्याच रात्री ब्राउनने एक चकचकीत चित्रफीत प्रसिद्ध केली, तिच्यात ग्रुडनशी झालेले खासगी फोनवरचे बोलणे पार्श्वसंगीतासह घातलेले होते. तुला रेडर व्हायचे आहे की नाही, असे प्रशिक्षक त्यात कळवळून विचारतो. हा संपूर्ण उन्हाळाभर चाहत्यांना पडलेला प्रश्न होता, आणि तो इतक्या चांगल्या ध्वनिमुद्रणात प्रथमच ऐकायला मिळाला. संघाने त्याला गैरवर्तनाबद्दल आणखी दंड केला: दोन लाख पंधरा हजार त्र्याहत्तर डॉलर आणि त्रेपन्न सेंट. ते वरचे त्रेपन्न सेंट पाहून संघाच्या हिशेबनिसाबद्दल आदर वाटतो. या दंडामुळे कराराची हमीही गेली. शनिवारी, सात सप्टेंबरला, सकाळी ब्राउनने मला सोडा अशी जाहीर मागणी केली, संघाने सोडले, आणि स्वत:च्या अंगणात मोकळा झालो म्हणून आनंदाने पळत सुटलेल्या ब्राउनचे चित्रण लगोलग प्रसिद्ध झाले. पाय पूर्ण बरे झाल्याचा पुरावा चाहत्यांना मिळाला तो तेव्हा.

रेडर्सकडून त्याने खेळलेले सामने: शून्य.

सोमवारी, नऊ तारखेला, डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध पहिला सामना होता. ब्लॅक होलमधून ब्राउनच्या नावाने जो सामुदायिक घोष झाला, त्याचा दुसरा शब्द त्याच्या नावाची आद्याक्षरे होता. पहिला इथे देता येत नाही. रेडर्सनी तो सामना २४-१६ असा जिंकला. क्वार्टरबॅक डेरेक कारने सव्वीस फेकींपैकी बावीस अचूक पोहोचवल्या, आणि टायरेल विल्यम्स या कमी गाजावाजा झालेल्या रिसिव्हरने एकशे पाच यार्ड काढून एक टचडाउनही केला. तो मोटारीने आला होता. त्या रात्री ओकलंडमध्ये असा एकही माणूस भेटला नसता, ज्याने मार्चमध्येच “हे काही खरं नाही” असे म्हटले नव्हते.

शनिवारीच, सुटका होऊन काही तास झाले नाहीत तोच, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ब्राउनशी करार ठरवला. बॉस्टनच्या चाहत्यांकडे मॉसचे उदाहरण घरचेच होते. ओकलंडच्या बोलण्यातले फक्त शहराचे नाव बदलावे लागले: “ओकलंडचं वातावरणच तसं होतं.” शिवाय तिथे बिल बेलिचेक हा प्रशिक्षक. त्याच्यापुढे भलेभले सरळ होतात, अशी ख्याती. मायामीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ब्राउनने चार झेल घेऊन छप्पन्न यार्ड काढले, एक टचडाउन केला. दोन आठवड्यांच्या आत पेट्रियट्सनेही त्याला सोडले. दरम्यान त्याच्यावर दिवाणी दावा दाखल झाला होता. त्यातले आरोप गंभीर होते आणि ते कोर्टाचे काम. विनोदी लेखाने तिथे जाऊ नये.

असल्या आशा नेहमी फोलच ठरल्या असत्या, तर चाहते केव्हाच शहाणे झाले असते. अडचण अशी, की मधूनच एखादी खरी ठरते. २०२० च्या ऑक्टोबरात टँपा बे बकेनिअर्सने ब्राउनला घेतले. टॉम ब्रेडी तिथे आला होता, आणि त्याने सुरुवातीला या माणसाला स्वत:च्या घरी ठेवून घेतले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टँपाने सुपर बोल ३१-९ असा जिंकला, आणि त्यात एक टचडाउन ब्राउनचा होता. टँपाचे चाहते छाती काढून हिंडू लागले. ओकलंडमधून लास व्हेगसला गेलेल्या संघाच्या चाहत्यांनी तो सामना कोणत्या चेहऱ्याने पाहिला असेल, याची कल्पना तोंडावरच्या रंगामुळे येत नाही.

पुढच्या हंगामात लसीकरणाबाबत खोटी माहिती दिल्याबद्दल लीगने ब्राउनला तीन सामने बाहेर बसवले. टँपाच्या चाहत्यांनी तेही गोड मानून घेतले. मग २ जानेवारी २०२२ चा दिवस उजाडला. न्यू जर्सीत जेट्सविरुद्ध सामना चालू होता, टँपा पिछाडीवर होता, तिसरा क्वार्टर संपत आलेला. ब्राउनने मैदानाच्या कडेला जर्सी उतरवली, खांद्याची चिलखते उतरवली, आतला शर्ट आणि हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले आणि उघड्या अंगाने, उड्या मारत, लोकांना हात करत, डाव चालू असलेल्या मैदानाच्या टोकावरून तो पलीकडच्या दाराने निघून गेला. घोटा दुखत असताना खेळायला लावत होते, असे त्याचे म्हणणे. तो आता आपल्या संघात नाही, असे प्रशिक्षक ब्रूस एरियन्सने सामना संपताच सांगून टाकले. सामना टँपाने २८-२४ असा जिंकला.

त्या संध्याकाळी ज्या ज्या शहरात रिसिव्हरची चणचण होती, तिथे बोलणे सुरू झाले.

“म्हणजे आता तो मोकळाच आहे ना?”

“अरे, भर सामन्यात कपडे काढून निघून गेला तो! जानेवारीच्या थंडीत!”

“तेच म्हणतोय. शरीर बघितलंस? तेहतिसाव्या वर्षी! अजून तीन हंगाम सहज काढेल.”